वाचकांचे प्रश्न : मध्ये बोलायचं कसं?

मागच्या अंकात बिझनेस शिकायला दुसऱ्या देशात गेलेल्या मुलांबद्दल लिहिलं होतं, त्यात एक वाक्य असं होतं की या मुलांना इंग्लिश येतं पण इंग्लिशमधून चर्चा करता येत नाही, ती वेगळी शिकवावी लागते. त्या एका वाक्यावर इतक्या मेल आल्यात की यावेळी अख्खं सदर त्यालाच देतेय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मी नऊ उन्हाळे इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात प्री-सेशनल कोर्सवर शिकवलं, म्हणजे सप्टेंबरमध्ये मास्टर्स सुरू व्हायच्या आधी परदेशी मुलांना जो इंग्लिशचा कोर्स करावा लागतो तो, आणि माझ्या वर्गात बहुतेक बिझनेसचीच मुलं असायची. आता पुण्यात शिकवते. पत्रं जरा छोटी केलीत आणि नावं काढलीत.

प्रश्न : ताई, मी पुण्यात एका मॅनेजमेंट कॉलेजात बिझनेस कम्युनिकेशन शिकवते. वर्गात २४ जण, त्यातले ११ बाहेरच्या देशांतले, येमेन, अफगाणिस्तान, टांझानिया, थायलंड, नेपाळ असे. ग्रुप डिस्कशन लावलं की आपल्याकडची दोन मुलं आणि टांझानियाचा एक असे तिघंच बोलतात, बाकीचे मूग गिळून बसतात. नंतर एकेकट्याला विचारलं तर सगळ्यांकडे मतं असतात. मग वर्गात का बोलत नाहीत? त्यांचं कल्चरच तसं आहे का?

उत्तर : ताई, कल्चर हा शब्द आपण जरा बाजूला ठेवूया, कारण तो एकदा वापरला की शिक्षकाला करण्यासारखं काही उरतच नाही. तुम्हीच लिहिलंय की एकेकट्याला विचारलं तर मतं असतात. म्हणजे आडात पाणी भरपूर आहे, पोहरा भरून वर येत नाहीये एवढंच, आणि तो का येत नाही ते बघायचं काम आपलं.

मला हे एका व्हिएतनामच्या मुलीने शिकवलं. विषय होता की एखाद्या कॉफीच्या कंपनीने प्रत्येक देशात मेन्यू बदलावा का. २० मिनिटं चर्चा चालली, ही एक शब्द बोलली नाही, पण मी बघत होते तर तिची पेन्सिल सारखी चालू होती. तास संपल्यावर मी तिची वही मागितली. पानावर चार वाक्यं होती, चारही अगदी व्यवस्थित, व्याकरणात एक चूक नाही, आणि चारही वाक्यांवर आडवी रेघ मारलेली. मी विचारलं खोडलं का, तर म्हणाली की माझं वाक्य तयार होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो, मग ते खोडायचं आणि पुढचं लिहायला घ्यायचं. चार वेळा तिने बोलायची तयारी केली होती आणि वर्गाच्या नोंदीत ती शून्य वेळा बोलली होती. मी इतकी वर्षं अशा मुलांना लाजाळू म्हणत आले होते याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

हे असं का होतं याचं कारण सरळ आहे. प्रश्न संपल्यावर समोरच्याचं उत्तर सुरू व्हायला किती वेळ जातो हे दहा भाषांमध्ये मोजून २००९ साली प्रसिद्ध झालंय, जपानी, डॅनिश, कोरियन अशा एकमेकींशी संबंध नसलेल्या भाषा त्यात होत्या, आणि सरासरी आली साधारण २०० मिलिसेकंद, सेकंदाचा पाचवा भाग. आता समोर चित्र धरलं तर त्याचं नुसतं नाव सांगायला माणसाला ६०० मिलिसेकंद तरी लागतात, मग २०० मध्ये अख्खं वाक्य येतं कुठून? तर समोरचा बोलत असतानाच आपण आपलं वाक्य जुळवत असतो, कान तिकडे आणि डोकं इकडे, आणि आपल्या भाषेत हे आपोआप जमतं. परक्या भाषेत ऐकण्यातच सगळं डोकं खर्च होतं, जुळवायला सुरुवात होते ती समोरचा थांबल्यावर, आणि तोपर्यंत तुमच्या त्या तिघांपैकी कोणीतरी बोलायला लागलेला असतो. यात येमेनचं कल्चर कुठे आलं सांगा, तुम्हाला मला उद्या अरबीमध्ये बसवलं तर आपणही वहीतच बघू.

आता उपाय. पहिला म्हणजे चर्चेच्या आधी ३ मिनिटं पूर्ण शांतता, प्रत्येकाने आपलं मत दोन ओळींत लिहायचं, मग शेजारच्याला सांगायचं, मग वर्गात. हे नवीन नाही, अमेरिकेत फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये थिंक-पेअर-शेअर या नावाने मांडलंय, पण आपण घाईघाईत पहिली पायरीच गाळतो. दुसरं म्हणजे तुम्ही स्वतः थांबा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी शाळांमधले विज्ञानाचे तास टेप करून ऐकले होते आणि त्यांना दिसलं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदच थांबतात, तेच ३ सेकंद थांबलं की उत्तरं लांब येतात आणि एरवी न बोलणारी मुलं बोलतात. ३ सेकंद वर्गात फार मोठे वाटतात हो, मी मनातल्या मनात एक आणि दोन आणि तीन आणि असं म्हणायचे.

तिसरं, राजमा. प्रत्येकाला राजम्याचे चार दाणे द्यायचे, बोललं की एक दाणा मधल्या वाटीत टाकायचा, दाणे संपले की बोलणं बंद, आणि शेवटी कोणाच्या हातात दाणे उरायला नकोत. पहिल्या तासाला जरा शाळकरी वाटतं पण तुमचे ते तिघं दाणे जपून वापरायला लागतात, आणि बोलायच्या आधी दोन क्षण विचार करतात, आणि त्या दोन क्षणांतच इतरांना फट सापडते. महिनाभराने दाणे काढून टाका, सवय राहते.

आणि चौथं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, की त्या मुलीला वाक्य खोडायचं नाही हे शिकवायचं. इंग्लिशमध्ये 'गोइंग बॅक टू व्हॉट ही सेड' असं म्हणून मागचा मुद्दा परत आणता येतो, आणि त्यात कोणालाही वावगं वाटत नाही, उलट लक्ष देऊन ऐकलं असं वाटतं. म्हणजे उशिरा तयार झालेलं वाक्य उशिराचं राहतच नाही. मी तिला एवढं एकच शिकवलं. पुढच्या आठवड्यात ती तीन वेळा बोलली, तिन्ही वेळा सुरुवात गोइंग बॅकनेच, आणि तिसऱ्या वेळी सगळा वर्ग तिच्या मुद्द्यावर दहा मिनिटं बोलत होता.

त्या तिघांना मात्र गप्प करू नका, त्यांनी काही गुन्हा केला नाहीये. त्यांना आळीपाळीने चेअर, म्हणजे चर्चा चालवणारा, करा, काम असं की स्वतःचं मत द्यायचं नाही, न बोललेल्या दोघांना तरी विचारायचं आणि शेवटी कोण काय म्हणालं ते सांगायचं. ते काम त्यांच्या बोलण्यापेक्षा अवघड आहे आणि ऑफिसात जास्त उपयोगी आहे.

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातून लिहितोय. मुलगी इंग्लंडमध्ये एमएस्सी इंटरनॅशनल बिझनेस करतेय. आयईएलटीएसला, म्हणजे परदेशी शिकायला जाताना द्यावी लागते त्या इंग्लिशच्या परीक्षेला, ९ पैकी ७.५ बँड होते. इथे असताना वक्तृत्व स्पर्धेत कायम बक्षीस घ्यायची. आता फोनवर रडते, सेमिनारमध्ये, म्हणजे तिथल्या चर्चेच्या तासाला, तोंडच उघडत नाही म्हणते, सरांनी फीडबॅकमध्ये पार्टिसिपेशन वाढवा असं लिहिलंय. दहावीपर्यंत मराठी मीडियमला होती, ते नडतंय का? तिथे स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का?

उत्तर : दादा, मीडियम नाही नडत, आणि क्लासला एक पैसा घालू नका. ७.५ वाली मुलगी आहे, तिला स्पोकन इंग्लिश काय शिकवणार कोण?

बघा, आयईएलटीएसची स्पीकिंग टेस्ट ११ ते १४ मिनिटांची, समोर एकच परीक्षक, तोच प्रश्न विचारतो, तोच थांबतो, तोच पुढची पाळी देतो. मधल्या भागात तर कार्ड देतात, एक मिनिट तयारी आणि दोन मिनिटांपर्यंत एकटीने बोलायचं, कोणी अडवत नाही. वक्तृत्व स्पर्धेतही तेच, घंटा वाजेपर्यंत माईक आपला. दोन्हींत पाळी आपल्याला आयती मिळते. सेमिनारमध्ये पाळी कोणी देत नाही, ती घ्यावी लागते, आणि घेण्याचा सराव तुमच्या मुलीने आयुष्यात केलेला नाही. युरोपातली भाषेच्या पातळ्यांची जी चौकट आहे, ए-वन ते सी-टू वाली, २००१ ची, त्यात एकट्याने बोलणं आणि दुसऱ्यांबरोबर बोलणं ही दोन वेगळी कौशल्यं म्हणून धरली आहेत आणि पाळी घेण्याची तर वेगळी पट्टी आहे. म्हणजे तुमची मुलगी एकात पहिली आणि दुसऱ्यात नवशिकी असू शकते, यात रडण्यासारखं काही नाही.

शिवाय आपण तिला काय शिकवलंय ते आठवा. मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये. मध्ये तोंड घालू नकोस. वीस वर्षं हे ऐकलेली मुलगी प्राध्यापकांच्या समोर चार जणांचं बोलणं कापून आपलं म्हणणं कशी मांडेल? आपण चुकीचं शिकवलं असं मी म्हणत नाहीये, आपल्या घरात ते बरोबरच आहे, पण तिथल्या सेमिनारमध्ये गप्प बसलं की सर समजतात हिने वाचलेलं नाही. तिला कोणीतरी घरच्याने स्पष्ट सांगायला हवं की बाई, तिथे मध्ये बोललं तर उद्धटपणा होत नाही. आणि हे तुम्हीच सांगा दादा, माझ्या अनुभवात वडलांनी सांगितलेलं फार लागू पडतं.

बाकी तिला एवढं कळवा. सेमिनारच्या आधी वाचताना दोन मुद्दे आणि एक प्रश्न कागदावर लिहून न्यायचा, आणि त्यातलं काहीही एक पहिल्या दहा मिनिटांत बोलून टाकायचं, प्रश्नच विचारला तरी चालेल, कारण पहिलं वाक्य जितकं लांबतं तितकं ते जड होत जातं, अर्ध्या तासाने तर आता बोललं तर सगळे वळून बघतील अशी भीती बसते. सरांच्या बाजूच्या खुर्चीत बसायचं नाही, समोर बसायचं, म्हणजे बोलायचंय हे चेहऱ्यावरून दिसतं. आणि जमलं तर दोघीतिघींनी आधी १५ मिनिटं कँटीनमध्ये तोच विषय बोलून घ्यायचा, एकदा तोंडातून गेलेलं वाक्य दुसऱ्यांदा सोपं जातं.

अजून एक बारीक गोष्ट. आपल्याकडे शंका विचारताना 'आय हॅव अ डाउट' म्हणायची सवय असते. तिकडे डाउट म्हणजे अविश्वास, सरांना वाटतं ही आपलं म्हणणं खोडतेय. तिला क्वेश्चन म्हणायला सांगा.

प्रश्न : मी ठाण्याहून ऑनलाइन शिकवतो, विद्यार्थी जपान, कोरिया आणि सौदीचे, सगळे बिझनेस स्कूलमध्ये जाणारे. डिस्कशनसाठी मी ६० फ्रेजेसची लिस्ट देतो, सहमतीच्या, असहमतीच्या, मुद्दा मांडायच्या वगैरे. मुलं पाठ करतात पण चर्चा ऐकली तर नाटकाची तालीम वाटते. प्रत्येकजण आय ॲग्री विथ यू म्हणतो आणि आपलं आधीच ठरलेलं भाषण म्हणतो. काय चुकतंय?

उत्तर : सर, लिस्ट लांब आहे हे चुकतंय. ६० मधली कुठली घ्यायची हे ठरवेपर्यंतच पाळी जाते, वर त्या व्हिएतनामच्या मुलीचं लिहिलंय तेच. मी सहावर आले होते, आणि प्रत्येकीचं काम एकच. मध्ये शिरायला 'कॅन आय कम इन हिअर'. मागचं उचलायला 'गोइंग बॅक टू'. नीट कळलं का बघायला 'सो यू मीन दॅट'. विरोध करायला 'आय सी व्हॉट यू मीन, बट'. दुसऱ्याला आत घ्यायला त्याचं नाव घेऊन 'व्हॉट डू यू थिंक'. आणि विषयाला फाटे फुटले की 'कॅन वी गो बॅक टू द क्वेश्चन'. या सहा झोपेतून उठवलं तरी आल्या पाहिजेत, बाकी आयुष्यभर ऐकून येतात.

यातल्या पहिलीबद्दल थोडं सांगते. तिच्यात अर्थ काहीच नाही, पण ती वेळ विकत घेते. ती म्हटली की सगळे तुमच्याकडे बघतात, गप्प होतात, आणि आता तुम्हाला वाक्य जुळवायला दोन सेकंद मिळतात. आधी जागा धरायची, मग वाक्य करायचं. लोकल पकडणाऱ्या माणसाला हे समजवायला लागू नये, आधी चढायचं, मग बसायला जागा मिळते का बघायचं.

आय ॲग्रीचं दुखणं सगळीकडे आहे. त्याला मी री ओढणं म्हणते. एक आठवडा त्यावर बंदी घाला, म्हणजे सहमत असलात तर ते बोलायचंच नाही, फक्त समोरच्याच्या मुद्द्याला एक नवीन कारण किंवा उदाहरण जोडायचं. आणि एक नियम, बोलायच्या आधी आधीच्या माणसाचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं आणि त्याने हो म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही. पहिल्या दिवशी तुमचे विद्यार्थी अडकतील, कारण आतापर्यंत कोणी कोणाचं ऐकतच नव्हतं, आपल्या पाळीची वाट बघत होते. तालीम वाटण्याचं कारण हेच.

जपानी विद्यार्थ्यांबद्दल लक्षात ठेवा, ते ऐकताना मध्येमध्ये हाय, म्हणजे त्यांच्या भाषेत हो, म्हणतात, त्याचा अर्थ पटलं असा नसतो, ऐकतोय असा असतो. आपल्याला हे कळायला सोपं आहे, आपण लहानपणी आजीच्या गोष्टीला हुंकार द्यायचोच की, हुंकार थांबला की आजी विचारायची, झोपलास का रे? इंग्लिशमध्येही हुंकार लागतो, राइट, शुअर, नुसतं म्हं, आणि हा शिकवावा लागतो कारण त्याच्याशिवाय बोलणारा बावचळतो. पण जपानी विद्यार्थ्याने येस येस असा हुंकार दिला आणि शेवटी नो म्हटलं तर सौदीचा पार्टनर गोंधळतो, म्हणून येसच्या जागी राइट शिकवा.

आणि आपली मराठी खोड, सर, तुमच्यात आहे का बघा, माझ्यात होती. आपण सहमत असलो तरी वाक्य नाहीने सुरू करतो, "नाही नाही, बरोबर आहे तुझं." इंग्लिश बोलताना ते नो नो होऊन बाहेर पडतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं झालं, खोडलं. माझ्या एका चिनी विद्यार्थ्याने टर्मच्या शेवटी मला सांगितलं की त्याला सहा आठवडे वाटत होतं टीचरना माझी सगळी उत्तरं चुकीची वाटतात. तेव्हापासून मी जीभ चावते.

'विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट' लिस्टमध्ये असेल तर काढून टाका. मुलांना ती नम्र वाटते, पण ब्रिटिश माणूस ती ऐकली की भांडणाला तयार होतो.

प्रश्न : चर्चेला विषय कुठले घ्यावेत? आमच्याकडे ग्लोबलायझेशन चांगलं की वाईट, महिला सीईओ, असे दिले जातात. पाच मिनिटांत संपतं. (नागपूर)

उत्तर : संपणारच, कारण त्यात कोणाला काही ठरवायचं नाहीये. चर्चा ठरवण्यासाठी असते. एक कंपनी, एक अडचण, आणि वेळ संपायच्या आत एक निर्णय, एवढं असलं की ती चालते.

माझा सगळ्यात आवडता विषय केलॉग्ज. १९९४ मध्ये ते भारतात आले, कारखाना आपल्या तळोज्याला, आणि सुरुवातीला गणित चुकलं, कारण कॉर्नफ्लेक्स कुरकुरीत राहतात थंड दुधात आणि आपण घालतो गरम दूध, त्याचा होतो लगदा, शिवाय सकाळी पोहे, उपमा, पराठा सोडून गोड थंड काहीतरी खायचं ही कल्पनाच इथे नव्हती. वर्गाला एवढंच सांगायचं आणि विचारायचं, तुम्ही कंपनीचे मॅनेजर आहात, माल बदलाल, जाहिरात बदलाल की परत जाल? मी हे पहिल्यांदा घेतलं तेव्हा एक चिनी मुलगी, जी कधीच बोलायची नाही, ती एकदम म्हणाली, सकाळी थंड दूध पितं तरी कोण? मग टांझानियाच्या मुलाने सांगितलं आमच्याकडे सकाळी चहा आणि चपाती, हो, ते चपातीच म्हणतात, येमेनच्या मुलाने फूल सांगितलं, म्हणजे शिजवलेल्या बाकल्याचा नाश्ता, आणि मला तो तास थांबवावा लागला इतके सगळे बोलत होते. नाश्त्याबद्दल प्रत्येकजण तज्ज्ञ असतो. ग्लोबलायझेशनबद्दल नसतो.

म्हणून विषय निवडताना बघा की वर्गातल्या प्रत्येकाकडे स्वतःच्या घरचं काहीतरी सांगण्यासारखं आहे का. मुंबईच्या डबेवाल्यांवर हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० मध्ये केस, म्हणजे वर्गात चर्चेला घ्यायचा खरा प्रसंग, काढली, साधारण ५,००० डबेवाले आणि रोजचे १ लाख ३० हजार डबे असा तेव्हाचा हिशोब, आणि केस सुंदरच आहे, पण महाराष्ट्रातल्या वर्गात जशीच्या तशी घेतली तर आपली मुलं सगळं माहीत असल्यासारखी बोलतात आणि परदेशी मुलं प्रेक्षक होतात. त्यावर तोडगा असा की माहिती कापून वाटायची. डब्यावरच्या खुणा एका गटाला, लोकलचं वेळापत्रक दुसऱ्याला, पैशाचं गणित तिसऱ्याला, आणि मराठी मुलांना मुद्दाम काहीच द्यायचं नाही, त्यांनी विचारून विचारून मिळवायचं. या पद्धतीचं नाव जिगसॉ. १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला एलियट अॅरन्सन यांनी केलं, तिथे शाळांमध्ये गोरी, काळी, मेक्सिकन मुलं नुकती एका वर्गात आणली होती आणि एकमेकांशी बोलत नव्हती, म्हणून प्रत्येकाकडे धड्याचा एक तुकडा दिला, की दुसऱ्याला विचारल्याशिवाय गत्यंतरच नाही. अडलं की माणूस बोलतो.

प्रश्न : चर्चा चालू असताना चुका सुधाराव्यात का? डिस्कस अबाउट ऐकलं की मला राहवत नाही.

उत्तर : राहू द्या. कागदावर लिहून ठेवा, शेवटची पाच मिनिटं फळ्यावर नाव न घेता मांडा. डिस्कसच्या पुढे अबाउट लागत नाही हे खरं, पण त्याने अर्थ अडत नाही. अरबी बोलणाऱ्यांच्या तोंडी प चा ब होतो, पार्किंगचं बार्किंग, तेही संदर्भाने कळतं. मध्ये थांबवायचं फक्त जेव्हा समोरच्याला कळलेलं नाही, आणि तेव्हाही तुम्ही नाही, समोरच्याने विचारायला हवं की तुला काय म्हणायचंय. ते विचारणं हीसुद्धा चर्चाच आहे.

प्रश्न : आमच्या कॉलेजात आता पार्टिसिपेशनला ३० टक्के मार्क ठेवलेत. जो जास्त बोलतो त्याला जास्त, असं चाललंय. हे बरोबर आहे का?

उत्तर : मार्क ठेवण्यात गैर नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये एकेका वर्गात ९० च्या आसपास मुलं असतात आणि बऱ्याच विषयांत निम्मे मार्क वर्गातल्या बोलण्याला असतात. पण जास्त बोलणं मोजलं तर जास्त बोलणंच मिळेल, मुद्दा असो नसो.

मी एक चित्र काढायचे. कागदावर गोल, गोलावर सगळ्यांची आद्याक्षरं, आणि कोणी कोणाच्या बोलण्याला धरून बोललं की बोलणाऱ्याकडून त्या दुसऱ्याकडे रेघ. अमेरिकेत फिलिप्स एक्झेटर या शाळेत १९३० पासून लांबट गोल टेबलाभोवती बसून शिकवण्याची पद्धत आहे, हार्कनेस नावाची, तिथून हे आलंय. तासाच्या शेवटी कागद वर्गाला दाखवायचा. काहींच्या अक्षरातून दहा रेघा निघालेल्या असतात पण त्यांच्याकडे एकही येत नसते, म्हणजे हे बोलले भरपूर पण यांचं बोलणं कोणी उचललंच नाही. आणि एखादी मुलगी दोनदाच बोललेली असते पण तिच्याकडे सात रेघा. मार्क त्या रेघांना द्या. मुलांना ते मान्य होतं, कारण डोळ्यांना दिसतं.

आणि लिहून पाठवलेल्या मुद्द्यालाही थोडे मार्क ठेवा, निदान पहिली टर्म.

प्रश्न : ताई, मी कोल्हापूरचा, सध्या जर्मनीत इंग्लिशमधून इंटरनॅशनल मॅनेजमेंट करतोय. ग्रुप प्रोजेक्टमध्ये आम्ही पाच जण. जर्मन मुलगा तोंडावर म्हणतो दॅट इज राँग, मला दिवसभर ते टोचतं. चिनी मुलगी मीटिंगमध्ये काहीच बोलत नाही आणि रात्री ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकते. मी एकटा बडबड करत असतो आणि मग वाटतं मीच जास्त बोलतोय. काय करू?

उत्तर : अरे, तू हे विचारतोयस म्हणजे अर्धं काम झालंय.

त्या जर्मन मुलाचं राँग हे तुझ्या मुद्द्याला आहे, तुला नाही, आणि तिथे अनेकांना तसं सरळ बोलणं म्हणजे समोरच्याचा वेळ वाचवणं वाटतं. त्याला लगेच विचार, 'व्हिच पार्ट?' रागाने नाही, खरंच जाणून घ्यायला. बहुतेक वेळा तो एखाद्या आकड्याबद्दल बोलत असतो आणि तुला वाटलेलं असतं की त्याने तुला वेड्यात काढलं. दोन-तीनदा विचारलंस की त्यालाही सवय लागेल की राँग म्हटलं तर पुढे काय ते सांगावं लागतं. आणि एकदा बाहेर कॉफी पिताना त्याला सांग की माझ्याकडे हे शब्द फार जड वाटतात, बघ तो काय म्हणतो.

त्या मुलीचे रात्रीचे मेसेज म्हणजे तिची मीटिंगमधली वाक्यं आहेत, उशिरा आलेली. ती वाया घालवू नका. मीटिंगचा अजेंडा आदल्या दिवशी ग्रुपवर टाक, म्हणजे ती आधीच लिहील, आणि मीटिंग सुरू करताना तिचा मेसेज स्क्रीनवर लाव आणि तिला नाव घेऊन सांग की हा मुद्दा तू समजावून सांग. एकदम कोपऱ्यात गाठून व्हॉट डू यू थिंक विचारू नकोस हां, तयारी नसताना ते परीक्षेसारखं होतं. आधी मेसेज करून सांग की उद्या तुला हे विचारणार आहे.

आणि तुझ्या बडबडीचं. तुझं इंग्लिश त्या पाचांत बहुतेक सगळ्यात पळणारं असणार, त्यामुळे प्रत्येक शांतता तूच भरतोस. पुढच्या मीटिंगला फोनमध्ये रेकॉर्ड कर, सगळ्यांना विचारून, आणि घरी जाऊन फक्त शांतता मोज, कोणी थांबल्यावर तू किती सेकंदांत सुरू होतोस ते. मग त्याच्या पुढच्या मीटिंगला तीन मोजून बोल. पहिल्यांदा कसंतरी होईल, दोनदा कोणीच बोलणार नाही. तिसऱ्यांदा काय होतं ते मला लिहून कळव, पुढच्या अंकात छापते.